सहावं वाक्य

बाई,

“थांबलीस का? स्पेलिंग येत नाही?” असं तुम्ही मला विचारलं होतंत. तुमच्या अंधेरीच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या लाकडी टेबलाशी मी लिहायला बसले होते आणि तुम्ही खाली पाटावर मेथी निवडत होतात. मान वर न करता विचारलंत. स्पेलिंग मला येत होतं, कारण तो शब्द तुम्हीच शिकवला होतात. मी “येतं” म्हटलं. “मग लिही,” तुम्ही म्हणालात, आणि मी लिहिलं. या गोष्टीला तीस वर्षं झाली. तुम्हाला जाऊनही वीस होतील. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आमच्या घरी शिकवतात, म्हणून मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. तुमच्याजवळच बोलते. मला तुमचा राग येतो. तो वयाबरोबर कमी होईल असं वाटलं होतं, पण उलटच झालं आहे. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि तुम्ही माझ्याशी काय केलंत हे मला नीट कळलं नव्हतं. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाची होत आले आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलीशी तसं वागायला मनाची किती तयारी करावी लागते हे मला कळतं.

तुमच्या उजव्या हाताला कंप होता. फळ्यावर मोठी अक्षरं निभावून जायची, कागदावर जमायचं नाही. आठवीत तुम्ही माझी वही वर्गात उंच धरलीत आणि म्हणालात, “हे अक्षर मला दे.” तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मरोळहून बसने तुमच्याकडे यायचे आणि तुमची इंग्रजी पत्रं फेअर करून द्यायचे. शिक्षण खात्याला लिहिलेली, तुमच्या भावाला लिहिलेली, शेजाऱ्यांचे अर्ज. तुमचा कच्चा मसुदा आडवातिडवा, थरथरलेला, आणि माझी प्रत छापल्यासारखी. त्याच्या बदल्यात तुम्ही मला दर शनिवारी एक शब्द द्यायचात. वहीच्या पानावर वरती तो शब्द लिहायचा, तुमच्याकडची जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं घरी न्यायची, त्यातून तो शब्द असलेली पाच वाक्यं शोधून कापून चिकटवायची आणि प्रत्येकाखाली मराठी लिहायचं. अट एकच. एकदा वापरलेला मराठी शब्द त्या पानावर पुन्हा वापरायचा नाही. “शब्दाला स्वतःचं घर नसतं गं, बिऱ्हाड असतं,” तुम्ही म्हणायचात. “आधी कुठे राहतोय ते बघ, मग हाक मार.” मी आज जे लिहून पोट भरते ते या अटीवर भरते. हे कबूल केलं नाही तर मी खोटारडी ठरेन, आणि कबूल करताना माझा जळफळाट होतो.

दहावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, तुम्ही दिलेला शब्द होता इनडिस्क्रिमिनेट. निवड न करणारा, भलंबुरं न पाहणारा, असा ढोबळ अर्थ तुम्ही सांगितलात आणि पुढचं माझ्यावर सोडलंत. पाच वाक्यं मिळायला तीन आठवडे लागले. पहिलं पोलिसांच्या गोळीबाराचं होतं, त्याखाली मी ‘बेछूट’ लिहिलं. दुसरं देवनारच्या कचऱ्याचं, कुणीही कुठेही आणून टाकतो अशी तक्रार, त्याखाली ‘वाटेल तसा’. तिसरं झाडं तोडण्याबद्दल, ‘बेसुमार’. चौथं डॉक्टरांबद्दल, साध्या सर्दीलाही भारी औषधं देतात म्हणून, त्याला मला शब्द सापडेना, तेव्हा आईच्या तोंडचा ‘ऊठसूट’ घातला आणि तुम्ही त्याखाली दोन रेघा ओढल्यात. पाचवं एका पुस्तकाच्या परीक्षणातलं होतं, लेखकाची सगळे मिळून जी स्तुती करतात त्याबद्दल, तिथे ‘सरसकट’. पान भरलं म्हणून मी खूश होते. मग तुम्ही म्हणालात, आता तुझं स्वतःचं एक वाक्य कर. मी केलं. माझी आई चहाच्या बाबतीत इनडिस्क्रिमिनेट आहे. खरंच होती. आमच्या खोलीच्या दारात जो उभा राहील त्याच्यासाठी ती आधण ठेवायची, मग तो मीटर वाचणारा असो नाहीतर चुकून आलेला माणूस असो. तुम्ही हसलात आणि वाक्यावर लाल रेघ मारलीत. “चांगल्या गोष्टीसाठी हा शब्द येत नाही. याच्यात नेहमी कुणाचा तरी दोष असतो. पानावर बघ परत.” मी बघितलं. खरंच पाचही ठिकाणी दोष होता.

आता तिच्याबद्दल. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत होतं. आमच्याच चाळीत, आमच्यापासून तिसरी खोली. तिचे वडील आणि माझे वडील एकाच गिरणीत होते आणि दोघांची गावंही कोकणात शेजारशेजारची. गिरणी बंद पडली. माझ्या वडिलांना मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमनची नोकरी लागली, तिच्या वडिलांना काहीच लागलं नाही. आमच्या दोघींत फरक असेल तर एवढाच. नववीत ती तुमच्या वर्गातून उठली आणि वय वाढवून सांगून त्याच इस्टेटमध्ये औषधांच्या पॅकिंगला लागली. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिवसभर पाकिटात भरायच्या. शाळेत असताना ती कशी होती तुम्हाला आठवत असेल, प्रश्नाचं उत्तर येत नसलं तरी हात वर करायची. कंपनीतही तशीच. संध्याकाळी सुटली की गेटसमोरच्या वडापावच्या गाडीपाशी माझी वाट बघायची, आणि मी पोचेपर्यंत टेम्पोवाले, हमाल, शिफ्टचे पोरगे, सगळ्यांशी तिचं चाललेलं असायचं. “ही माझी मैत्रीण, इंग्लिश पेपर वाचते, तुमची वाट लावेल,” असं ती मला त्यांच्यात ओढायची. मीही हसायचे. तिथे उभं राहून वडापाव खाताना मला जे मोकळं वाटायचं ते तुमच्या स्वयंपाकघरात कधी वाटलं नाही. असंच एकदा तुम्ही आम्हाला बसमधून पाहिलंत. शनिवारी म्हणालात, “गेटवर कोण कोण होते?” मी सरळ सांगितलं, कोण कोण होते. तुम्ही “हं” म्हटलंत आणि मसुदा पुढे सरकवलात. त्या ‘हं’चं पुढे काय होणार आहे ते मला कळलं नाही.

दहावीचा निकाल चांगला लागला. मुलुंडला काही वयस्क बायकांची एक संस्था होती, गरीब घरच्या हुशार मुलींना कॉलेजचा खर्च आणि राहायला जागा देणारी. तुम्हीच फॉर्म आणलात. त्यांना शिक्षिकेचं इंग्रजीतलं बंद पत्र हवं होतं, मुलीच्या स्वभावाबद्दल. ते मिळालं तर कॉलेज. नाही मिळालं तर मैत्रिणीने तिच्या सुपरवायझरला माझं नाव सांगून ठेवलंच होतं. “माझ्या बाजूचा स्टूल रिकामा होतोय, कोणाला बसू देत नाही मी,” असं ती आनंदाने सांगायची. तिला वाटत होतं ती माझ्यासाठी काहीतरी राखून ठेवते आहे, आणि मला त्या स्टुलाची भीती वाटत होती.

आणि मग तो शनिवार. तुम्ही माझ्याबद्दलच्या पत्राचा मसुदा माझ्याचपुढे ठेवलात आणि म्हणालात, “फेअर करून दे.” दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. शाळेत टायपिस्ट होता. तुम्ही मलाच बसवलंत. मी लिहू लागते. मेहनती आहे, खरं बोलते, स्मरणशक्ती उत्तम, घरची स्थिती बेताची. माझे कान गरम होतात, इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. आणि चौथ्या ओळीत, तुमच्या त्या थरथरत्या अक्षरात, ‘मात्र संगतीच्या बाबतीत’ आणि पुढे तो दिवाळीनंतरचा शब्द. माझं पेन थांबतं. खाली मेथीचे देठ मोडल्याचा आवाज येत राहतो. तुम्ही स्पेलिंगबद्दल विचारता. मी उरलेलं पत्र लिहून काढते, तारीख घालते, तुम्ही हात पुसून सही करता. सहीला तुम्हाला वेळ लागायचा. मग म्हणालात, “रागावलीस?”

“नाही बाई.”

“रागावलीस तरी चालेल. मी खोटं लिहू शकत नाही. तुला कुणीही चालतं. जो बोलेल त्याच्याशी तू बोलतेस. तिथल्या बायका विचारतील मला, मुलगी कशी आहे म्हणून, आणि उद्या काही झालं तर माझी मान खाली.” पत्र पाकिटात घालून तुम्ही कपाटात ठेवलंत, चिकटवलं नाहीत. “पुढच्या शनिवारपर्यंत इथे आहे. तोपर्यंत तुझं तू बघ. बदलण्यासारखं काही झालं तर मला बदलायला आवडेल.”

घरी मी सांगितलं. वडील म्हणाले, “शाणी असशील तर बदलून घे. चार दिवस नको जाऊस गेटवर, काय बिघडतंय?” आईला मी शब्दाचा अर्थ सांगितला, की मी कुणातही मिसळते असं बाईंनी लिहिलंय. आई तांदूळ धूत होती. “मगे?” ती म्हणाली. “माणसान माणसांत नाय मिसळाचा तर कोणात मिसळाचा?” वडील तिच्यावर ओरडले, तुला काय कळतं, पोरीचं कॉलेज आहे. तिने तांदळाचं पाणी ओतून टाकलं आणि हळूच म्हणाली, “तिच्या आवशीक मी नळार काय सांगू?” तो प्रश्न बरोबर होता. चाळीत रोज सकाळी नळावर आई आणि मैत्रिणीची आई शेजारी उभ्या असायच्या. आईने पुढे काय सांगितलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मी गेटवर गेले. मैत्रीण गाडीपाशीच होती, हातात दोन वडापाव. “काय गं, तोंड का असं? कोण मेलं?”

“उद्यापासून माझ्यासाठी थांबू नकोस.”

“का, क्लास लावलास?”

“नाही.”

“घरून बोलले काय?”

“नाही. मलाच नको आहे.”

“काय नको आहे?”

तुमचं नाव घ्यायचं माझ्या अगदी जिभेवर होतं. बाईंनी पत्रात लिहिलंय, एवढंच म्हटलं असतं तर ती तुम्हाला चार शिव्या घालून मोकळी झाली असती आणि चाळीत येऊन माझ्याशी बोलली असती. पण मग मी तुमच्या ताब्यात आहे हे तिला कळलं असतं, आणि मला ते चालणार नव्हतं. ती हसली. “बरं बाबा, कॉलेजवाली. वडापाव तरी घे, कधीचा घेऊन ठेवलाय, थंड झाला.” मी तोही घेतला नाही. पाठ वळवल्यावर गाडीवाल्याने तिला काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, “काय नाय रे, पोट बिघडलंय तिचं.” माझी बाजू सांभाळून घेतली तिने.

पुढच्या शनिवारी तुमच्याकडे नवा मसुदा तयार होता. मी काही सांगायच्या आधीच. तुम्हाला कसं कळलं, बसमधून पुन्हा पाहिलंत की नुसता माझा चेहरा बघितलात, तुम्ही बोलला नाहीत. चौथ्या ओळीत आता लिहिलं होतं की ही मुलगी संगत विचारपूर्वक निवडते. जुनं पाकीट तुम्ही माझ्यासमोर फाडलंत आणि स्टोव्हवर चहा ठेवलात, आल्याचा, मला आवडतो म्हणून. ते पत्र मी लिहिलं. आधीच्यापेक्षा अक्षर चांगलं आलं. जाताना तुम्ही मला तुमचं शाईचं पेन दिलंत आणि डोक्यावरून हात फिरवलात, आणि मला, बाई, त्या क्षणी खूप बरं वाटलं. मला सगळ्यात जास्त राग त्या बरं वाटण्याचा येतो.

तुम्ही गेल्यावर शाळेत सभा झाली. एकेक विद्यार्थी उठून सांगत होता, बाईंनी मला घडवलं. एकानेही वेगळं काही सांगितलं नाही. त्या स्तुतीला तुमच्याच पानावरचा पाचवा शब्द लागू होता. मी मागच्या बाकावर बसून तेच पान मनात उघडत होते, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की सहाव्या ठिकाणी, माझ्याबद्दलच्या पत्रात, तुम्ही काय केलं होतंत. गोळीबार बेछूट असेल तर दोष गोळी झाडणाऱ्याचा, समोरच्यांचा नाही. झाडं बेसुमार तोडली तर झाडांचा दोष नाही. पण माणसाबद्दल म्हटलं की हिला कुणीही चालतं, तर ठपका माझ्या माथी दिसतो आणि लागतो मात्र त्या ‘कुणीही’ला. त्या एका ओळीत तुम्ही तिला देवनारला नेऊन टाकलंत. दोन वर्षं तुमच्या वर्गात बसलेल्या मुलीला. तिने शाळा का सोडली ते तुम्हाला माहीत होतं, ती शेवटच्या दिवशी तुमच्या पाया पडून गेली होती. तुम्ही तिला ओळखत होतात आणि तरी ती तुमच्या लेखी हमाल, टेम्पोवाल्यांच्या गर्दीत गेली. आणि त्या हमालांनी तरी तुमचं काय केलं होतं? तुम्ही मला प्रत्येक शब्द कुठे राहतो ते बघायला शिकवलंत. माणसाच्या बाबतीत तेवढे कष्ट तुम्ही घेतले नाहीत, एकदा बसच्या खिडकीतून बघितलंत आणि झालं. ‘खोटं लिहू शकत नाही’ म्हणालात. आठवड्याने जे लिहिलंत ते काय होतं मग? तेच खोटं होतं, बाई. पहिलं पत्र निदान खरं होतं. मला कुणीही चालत होतं. तो माझ्या आईकडून आलेला गुण होता आणि तो तुम्ही माझ्यातून काढलात. मी आजही नवीन माणूस भेटला की आधी मोजते. लोक म्हणतात, लेखिका आहेत, अंतर राखून असतात.

आई गेली, मागच्या महिन्यात. बाराव्याला मैत्रीण बोरिवलीहून आली. मधल्या तीस वर्षांत आम्ही लग्नकार्यात दिसलो असू, कशी आहेस, बरी आहे, इतकंच. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पाहुण्यांचे कप विसळायला लागली. मी शेजारी उभी राहून पुसत होते. आईच्या चहाबद्दल बोलत होतो. मग ती नळ बारीक करून म्हणाली, “एक विचारू? राग नको मानू. तेव्हा माझ्या अंगाला वास यायचा ना, गोळ्यांचा?”

मला कळेना. ती म्हणाली, “अगं, बी-कॉम्प्लेक्सचा. जायचाच नाही. तू बोलायची बंद झालीस ना, मला वाटलं, कॉलेजला जाणार, हिला आता वास नको. मी लिंबू चोळून आंघोळ करायची. आई ओरडायची, लिंबं काय फुकट येतात का.” आणि ती हसली, अगदी गाडीपाशी हसायची तशी. “वर्षभर चोळलं. मग म्हटलं, जाऊ दे.”

“वास कसला गं,” मी म्हटलं. “वास नव्हताच.”

“मग काय होतं?”

तिच्या हातातला कप घेऊन मी पुसला. मला आठवत नाही, असं म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढचा कप घेतला.

तेव्हापासून मी हे पत्र मनात लिहिते आहे. कुठे पाठवणार, तुमच्या त्या इमारतीच्या जागी आता दुसरी इमारत आहे. तिचा नंबर मात्र माझ्याकडे आहे. मी तिला सांगणार आहे, पत्राबद्दल, चौथ्या ओळीबद्दल, आठवडाभर कपाटात ठेवलेल्या पाकिटाबद्दल. आणि सांगताना मला एक हवं आहे. सगळा दोष मला तुमच्यावर टाकू द्या, बाई. अर्धा नको, सगळा. तुमचं आता काही जाणार नाही, आणि ती तुम्हाला चार शिव्या घालेल, ज्या तिच्या हक्काच्या आहेत. एवढी एकदा परवानगी द्या. तुम्ही देणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुम्ही मला शनिवारपर्यंतचा वेळ दिला होतात आणि मी सोमवारीच गेटवर जाऊन तिला नको म्हणून आले.